साखळी तयार झाल्यावर तिला नवे गट कसे लावतात? हायड्रोजेलची पुडी, बोअरचं पाणी आणि एका विद्यार्थिनीचा प्रश्न

दर्यापूरची मास्तरीण
१४ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. धागा काढायचं कारण घरातलंच आहे.

यंदा माझ्या भावानं कपाशीच्या दोन एकरांत पेरणीच्या वेळी हायड्रोजेल टाकलं. एक किलो पावडर चारशे किलो पाणी धरून ठेवते, असं दुकानात सांगितलं होतं. जूनअखेर पाऊस झाला आणि मग अठरा दिवस थेंब नाही. खंड पडला तशी रोपं माना टाकायला लागली. भाऊ खुरप्यानं तास उकरून बघतो तर दाणे आहेत, पण साबुदाण्याएवढेच फुगलेले. उरलेली पुडी घेऊन तो माझ्याकडे आला. म्हणाला, "तू रसायन शिकवतेस ना, हे खरं आहे की खोटं ते सांग."

म्हणून मी वर्गातच करून पाहिलं. दोन भांड्यांत एकेक लिटर पाणी घेतलं, एकात आरओच्या कॅनचं, दुसऱ्यात आमच्या बोअरचं. दोन्हींत एकेक ग्रॅम पावडर टाकली, दोन तासांनी पातळ फडक्यातून गाळून वजन केलं. आरओच्या पाण्यातला गोळा २४० ग्रॅम भरला, बोअरच्या पाण्यातला ३८. म्हणजे पुडी खोटी नव्हती. आमचं पाणी खारं आहे.

इथपर्यंत मला समजावता आलं. जेलच्या लांब, साखळीसारख्या रेणूवर कार्बॉक्सिलेटचे ऋणभारित गट (अणूंचे छोटे पुंजके) असतात, ते एकमेकांना ढकलतात, साखळी उलगडते, आत पाणी शिरतं वगैरे. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हे गट साखळीवर आले कुठून? साखळी बनतानाच होते की नंतर लावले?"

मला नीट उत्तर देता आलं नाही. आमच्या पुस्तकात एकवारिक (मोनोमर, म्हणजे सुट्या कड्या) जोडले जातात, बहुवारिक (पॉलिमर, म्हणजे लांब साखळी) तयार होतं आणि पाठ संपतो. तयार बहुवारिकावर पुढे काही करता येतं हे मला ऐकून माहीत आहे, पण शिकवण्याइतकं नाही. पुडीवर "सेल्युलोज ग्राफ्टेड" असं छापलंय. कोणी या कामातलं असेल तर सविस्तर लिहा. मुलीला उत्तर द्यायचं कबूल केलंय.

रसायनवाला यवतमाळ
१५ जुलै, सकाळी ७:१५

ताई, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न फार नेमका आहे. मी मूळचा घाटंजीकडचा, गेली अकरा वर्षं पाणी शुद्धीकरणाच्या राळेच्या कारखान्यात काम करतो. तयार साखळीला नंतर गट लावणं हेच आमचं रोजचं काम.

तिच्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही रीती आहेत. ॲक्रिलिक आम्लाच्या एकवारिकातच तो गट असतो, त्याचं बहुवारिक केलं की गट आयते मिळतात. बाळांच्या डायपरमधलं जेल बहुतेक याच रीतीचं. पण शेतीसाठी या जातीचं जे जेल आधी गाजलं ते दुसऱ्या रीतीनं बनलं होतं. अमेरिकेच्या कृषी खात्याची पिओरिया इथं प्रयोगशाळा आहे. मक्याच्या स्टार्चचं काय करता येईल यावर तिथं काम चालायचं. त्यांनी स्टार्चवर ॲक्रिलोनायट्राइलच्या साखळ्या रुजवल्या (ग्राफ्ट करणं म्हणतात ते हेच). त्या अवस्थेत तो पदार्थ पाण्याला हुंगतही नाही. स्वेटरची ॲक्रिलिक लोकर याच जातीची, ती पाणी पीत नाही हे आपल्याला माहीत आहे. मग तोच पदार्थ कॉस्टिक सोड्यात तापवला. साखळी तशीच राहिली, तिच्यावरचे नायट्राइल गट मात्र आधी अमाइड आणि मग कार्बॉक्सिलेट झाले. पाण्याला न शिवणारा पदार्थ स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी ओढू लागला.

ही क्रिया मी शिकताना स्वतः केली आहे. पिवळट लगदा आधी नारिंगी होतो, मग गडद लाल आणि शेवटी पुन्हा फिका पिवळा. शेजारचे नायट्राइल गट एकमेकांत गुंतून काही काळ वलयांची रांग बनते, लाल रंग तिचा. ती रांग फुटली की रंग उतरतो. अमोनियाचा वास सुटतो तो वेगळाच. मापनयंत्र न लावता क्रिया कुठवर आली हे नाकाडोळ्यांनी कळतं. (वर्गात करू नका. गरम कॉस्टिक डोळ्यात उडालं तर डोळा जातो.)

आता आडवळणानं का जायचं? कधी कधी सरळ वाट नसतेच. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घ्या. शाळेत स्लाइम करतात, कापडाला खळ देतात, ते पीव्हीए. नावावरून वाटेल की व्हिनाइल अल्कोहोलचे रेणू जोडून बनवलं. पण व्हिनाइल अल्कोहोल बाटलीत भरून ठेवता येत नाही, ते तयार होताच ॲसिटाल्डिहाइड होऊन बसतं. म्हणून आधी व्हिनाइल ॲसिटेटची साखळी करतात आणि मग तिच्यावरचे ॲसिटेट गट छाटून हायड्रॉक्सिल उघडे करतात. हेर्मान आणि हेनल या जर्मन रसायनज्ञांनी १९२४ मध्ये ही वाट काढली. ज्याचा एकवारिकच हाती येत नाही असं बहुवारिक आज जगभर टनांनी बनतं.

घरातलं उदाहरण द्यायचं तर छतावरच्या सोलरचं गरम पाणी ज्या पिवळसर नळीतून येतं ती सीपीव्हीसी. वावरात अंथरतो तो साधा पीव्हीसी पाइप आपल्या मे महिन्याच्या उन्हात वाकतो, गरम पाण्याला तर टिकतच नाही. त्याच तयार पीव्हीसीवर पुन्हा क्लोरीन सोडला, वजनातला क्लोरीनचा वाटा ५७ टक्क्यांच्या आसपास असतो तो ६३ च्या वर नेला, की नळी ९० अंशांच्या पाण्याला दबत नाही.

खारपाण
१५ जुलै, दुपारी १:०५

ताई, मी अकोटकडचा कास्तकार. कालपासून वाचून राहिलो. माहं वावर खारपाणपट्ट्यातच हाय, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. मले दोन गोष्टी सांगा.

एक, खाऱ्या पाण्यात थो दाना फुगत काहून नाही? पाणी तं पाणीच हाय.

दुसरं, रसायनवाले भाऊ राळेचं काम करते म्हणते. शहरात लोक पाण्याचा खारटपणा काढाले राळेची टाकी लावते. तसं पाणी करून कपाशीले देलं तं जमते का? माह्या साळ्याकडं अशी जुनी टाकी पडून हाय.

रसायनवाला यवतमाळ
१५ जुलै, रात्री १०:२०

काका, आधी टाकीचं, कारण त्यात नुकसान व्हायची भीती आहे. ते पाणी वावरात देऊ नका.

त्या टाकीत मोहरीपेक्षा बारीक मणी असतात. स्टायरिनची साखळी, आडव्या टाक्यांनी शिवून पक्की केलेली, म्हणून ती विरघळत नाही. ते तयार मणी आम्ही तीव्र सल्फ्युरिक आम्लात तापवतो, आणि साखळीवरच्या जवळजवळ प्रत्येक बेंझिन वलयावर एक सल्फोनिक गट बसतो. हेही नंतर गट लावणंच झालं. वापरायला देताना प्रत्येक गटाजवळ एक सोडियम बसवलेला असतो. जड पाणी आलं की तो गट कॅल्शियम धरतो आणि सोडियम सोडतो. म्हणजे क्षार कमी होत नाहीत, फक्त बदलतात. साबणाला आणि बॉयलरला ते चालतं. पण खारपाणपट्ट्याच्या काळ्या मातीचा रोगच सोडियम आहे. सोडियम वाढला की चिकणमातीचे कण सुटे होतात, पाणी मुरत नाही, वाळल्यावर ढेकूळ दगडासारखं होतं. आपण जिप्सम टाकतो ते कॅल्शियम देऊन सोडियम हुसकवायला. ती टाकी याच्या बरोबर उलटं काम करेल.

आता दाण्याचं. साखळीवरचे ऋणभारित गट एकमेकांना ढकलतात म्हणून जाळं ताणून उघडतं. पाण्यात मीठ असलं की सोडियमचे धनभारित आयन त्या गटांभोवती गर्दी करतात आणि ढकलण्याचा जोर मरतो. शिवाय बाहेरचं पाणीच क्षारांनी भरलेलं, त्यामुळे आत शिरायची ओढही कमी. कॅल्शियम त्याहून वाईट. त्याचे दोन हात असतात, तो दोन कार्बॉक्सिलेट गटांना एकत्र बांधून टाकतो, जणू जाळ्याला आणखी टाके पडले. ताईंच्या ३८ ग्रॅमचं कारण हे. शुद्ध पाण्यात शेकडो पट फुगणारं जेल सलाइनइतक्या मिठाच्या पाण्यात साधारण दहाव्या हिश्श्यावर येतं.

यातच गटाचं महत्त्व दिसतं. साखळीवर कार्बॉक्सिलेटऐवजी सल्फोनेट गट असले तर कॅल्शियमची पकड सैल राहते आणि जेल खाऱ्या पाण्यात बरं टिकतं. साखळीचा कणा तोच, वरचा गट बदलला की स्वभाव बदलला.

सरकी आणि सूत
१६ जुलै, सकाळी ११:३०

या धाग्यात कापूस यायलाच हवा. मी अमरावतीची, कापड रंगवण्याच्या रसायनशास्त्रात काम केलंय.

आपण ज्याला कापूस म्हणतो तो जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, म्हणजे बोंडातच तयार होऊन आलेलं बहुवारिक. एकवारिकापासून सुरुवात करायची मुभाच नाही. त्यामुळे कापसाचं सगळं रसायनशास्त्र तयार साखळीवरचंच आहे. साखळीच्या प्रत्येक ग्लुकोज कडीवर तीन हायड्रॉक्सिल गट असतात, आणि त्या तीन जागांवर आजवर काय काय लावून झालंय ते पाहा. १८४६ मध्ये शोनबाइननं नायट्रेट लावला तर कापसाचा स्फोटक झाला. १८६५ मध्ये शुट्झेनबर्गरनं ॲसिटेट लावला, पुढे त्याचे धागे आणि फिल्म झाल्या. बोंड तेच.

मला सगळ्यात भावतं ते कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, सीएमसी. इतके हायड्रॉक्सिल असूनही कापूस पाण्यात विरघळत नाही, कारण साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात. कॉस्टिकनं त्या फुगवायच्या आणि मोनोक्लोरोॲसेटिक आम्लाचा सोडियम क्षार घालायचा. दर दोन कड्यांमागे एखादा गट बसला तरी साखळ्यांची घडी मोडते आणि पदार्थ पाण्यात विरघळून दाट, नितळ द्रव होतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळे कोरडे पडतात म्हणून थेंब देतात, त्यांतल्या पुष्कळ बाटल्यांवर हेच नाव असतं. ते लाकडाच्या लगद्यापासून बनतं किंवा सरकीवर उरलेल्या आखूड लवेपासून, जिला गिरणीत लिंटर म्हणतात. माझ्या आजीनं आयुष्यभर कापूस वेचला. तिच्या डोळ्यात ते थेंब घालताना मी तिला हे सांगितलं होतं. तिनं बाटली हातात घेऊन बराच वेळ पाहिली.

रंगाचंही सांगते. पूर्वीचे बरेच रंग सुतावर नुसते चिकटून असायचे, धुतले की उतरायचे. १९५६ मध्ये आयसीआय कंपनीनं प्रोसिऑन नावाचे रंग बाजारात आणले. रॅटी आणि स्टीफन या दोघांनी शोधलेले हे रंग कापसाच्या हायड्रॉक्सिल गटाशी सहसंयुज बंध करतात. रंग सेल्युलोजच्या रेणूचाच भाग होतो. पण हौदात कापसाभोवती पाणी अफाट असतं आणि पाण्यालाही हायड्रॉक्सिल आहे. काही रंग कापसाऐवजी पाण्याशीच क्रिया करून बसतो, तो मग कधीच सुताला लागत नाही. रंगकामानंतरच्या सांडपाण्यात वाहून जाणारा रंग मुख्यतः तोच. तयार साखळीवर काम करताना ही झटापट कायम असते: ज्याच्याशी क्रिया हवी त्याच्याशी किती झाली आणि भलत्याशी किती.

बारावी विज्ञान
१६ जुलै, सायंकाळी ५:५०

दर्यापूरच्या मॅडमना मी ओळखत नाही, पण मी पण बारावीत आहे (पुसद). एक शंका आहे. सर म्हणाले "जवळजवळ प्रत्येक" वलयावर गट बसतो. ताई म्हणाल्या दोन कड्यांमागे एक. शंभर टक्के का नाही बसत? जास्त वेळ तापवलं, जास्त रसायन घातलं, तर बसायला पाहिजे ना?

रसायनवाला यवतमाळ
१६ जुलै, रात्री ११:१०

बाळा, या एका प्रश्नावर माझी नोकरी चालते, त्यामुळे जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, साखळी म्हणजे गुंडाळी. आतल्या गटापर्यंत रसायन पोचायला वाट लागते. दुसरी, शेजाऱ्याचा परिणाम. नायट्राइलचं कार्बॉक्सिलेट होत जातं तसा साखळीवर ऋणभार साठतो आणि पुढचा हायड्रॉक्साइड आयन, जो स्वतः ऋणभारित आहे, तो लांब ढकलला जातो. क्रिया आपणच आपली वाट अडवते. म्हणून काही गट अमाइडवरच थांबतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात सुंदर वाटते. काही क्रियांत एक रेणू साखळीवरच्या दोन शेजारी गटांना एकदम बांधतो. पीव्हीएवर फॉर्माल्डिहाइडची क्रिया अशीच. जपानमध्ये याच मार्गानं विनायलॉनचा धागा झाला, जो पाण्यात विरघळत नाही. आता जोड्या ओळीनं जुळत नाहीत, कुठेही जुळतात. त्यामुळे काही गट असे उरतात की डावा शेजारीही कोणाशी बांधला गेला आणि उजवाही. त्या एकट्यासाठी जोडीदार नाही. पॉल फ्लोरी या अमेरिकी रसायनज्ञांनी १९३९ मध्ये गणित मांडलं: साखळी लांब असेल आणि जुळलेली जोडी पुन्हा सुटत नसेल, तर १३.५ टक्के गट एकटेच राहणार. एकाला 'ई' या स्थिरांकाच्या (सुमारे २.७१८) वर्गानं भागलं की हा आकडा येतो. कितीही तापवा, कितीही रसायन ओता, ८६.५ टक्क्यांपुढे जाता येत नाही.

आणि आता आमची खरी अडचण. साध्या रेणूंची क्रिया अर्धवट झाली तर झालेले आणि न झालेले रेणू वेगळे काढता येतात, स्फटिक करून, ऊर्ध्वपातन करून. इथे झालेला गट आणि न झालेला गट एकाच साखळीवर आहेत. कपाशीत तण झालं तर निंदून काढता येतं. इथे तण आणि बोंड एकाच फांदीला लागलेलं असतं, तण उपटायला गेलं तर झाडच हातात येतं. चुकून झालेली क्रियाही कायम साखळीवर राहते. म्हणून या कामात नंतर साफ करू म्हणून चालत नाही, क्रियाच अशी निवडावी लागते की जी सौम्य आहे, जवळजवळ पूर्ण होते आणि आडवी जात नाही. अशाच क्रियांच्या शास्त्राला, म्हणजे क्लिक रसायनशास्त्राला, २०२२ चं नोबेल मिळालं (बर्तोझी, मेल्डाल आणि शार्पलेस यांना). बहुवारिकवाल्यांनी त्या क्रिया इतक्या पटकन उचलल्या त्याचं कारण हेच.

एक जुनी गोष्ट पण सांगायला हवी. शंभर वर्षांपूर्वी अशा लांब साखळ्या असतात हेच पुष्कळांना मान्य नव्हतं. रबर म्हणजे लहान रेणूंचा नुसता जमाव, असं म्हणायचे. श्टाउडिंगर या जर्मन रसायनज्ञांनी १९२२ मध्ये रबरातल्या दुहेरी बंधांवर हायड्रोजन चढवला. जमाव दुहेरी बंधांच्या ओढीमुळे टिकला असता तर आता तो विखरायला हवा होता. पदार्थ तसाच जड, तसाच न उकळणारा राहिला. तयार साखळीवर केलेल्या क्रियेनंच साखळी खरी असल्याचा पुरावा दिला. १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

जिनिंगवाला हिंगणघाट
१७ जुलै, सकाळी ९:००

वाचतोय. आमच्याकडे दुसराच प्रश्न आहे. वेचा संपला की पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर जाळतात किंवा चुलीत जाते. मी एका ओळखीच्या कारखान्यात पऱ्हाटीचा भुसा आणि जुन्या बारदान्यांचं पॉलिप्रॉपिलिन मिसळून फळ्या करून पाहिल्या. वाकवल्या की भुसा आणि प्लास्टिक वेगळं होतं, आतून कोरडे तुकडे पडतात. यात गट लावून काही होतं का?

रसायनवाला यवतमाळ
१७ जुलै, दुपारी २:१५

होतं, भाऊ. भुशाला पाणी आवडतं, पॉलिप्रॉपिलिनला तेल. मध्ये दुवा हवा. पॉलिप्रॉपिलिन वितळलेलं असताना त्यात पेरॉक्साइड आणि मॅलेइक ॲनहायड्राइड घालून यंत्रातून काढतात, साखळीवर थोडे ॲनहायड्राइड गट बसतात. वजनानं एखादा टक्काच, पण तेवढा पुरतो. ते गट भुशाच्या हायड्रॉक्सिलशी बंध करतात आणि उरलेली साखळी प्लास्टिकमध्ये मिसळून राहते. हे तयार विकत मिळतं, तुम्ही स्वतः करू नका. पेरॉक्साइड जास्त झालं तर पॉलिप्रॉपिलिनच्या साखळ्याच तुटतात आणि माल पातळ होतो. फळीच्या मिश्रणात तीन-चार टक्के घालून पाहा, आणि भुसा आधी पक्का वाळवा.

दर्यापूरची मास्तरीण
१९ जुलै, रात्री ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मैदानावर फ्लोरींचं गणित करून पाहिलं.

पन्नास मुलं-मुली एका ओळीत उभे केले. दोघांमधल्या फटीला एक आकडा, म्हणजे ४९ फटी. ४९ चिठ्ठ्या डब्यात. ज्या फटीची चिठ्ठी निघेल तिच्या दोन्ही बाजूंचे मोकळे असतील तर त्यांनी हात धरायचा. एकजण जरी आधीच बांधलेला असेल तर चिठ्ठी बाद. डबा रिकामा झाला की उरलेले एकटे मोजायचे. तीनदा केलं. पहिल्यांदा ८ उरले, मग ६, मग पुन्हा ८. साडेतेरा टक्क्यांनी सातच्या आसपास यायला हवेत. पन्नासातून जोड्या गेल्या तर उरणारे समसंख्येनंच उरणार, हे एका मुलानं लगेच ओळखलं.

ज्या मुलीनं मूळ प्रश्न विचारला होता तीच दुसऱ्या फेरीत एकटी उरली. दोन्ही बाजूंनी हात पुढे करून बघत होती, कोणाचाच हात मोकळा नाही. नंतर मला म्हणाली, "मॅडम, माझी काही चूक नव्हती, मी फक्त उशिरा निघाले." हे वाक्य मी शिकवून सांगितलं नसतं.

पूर्णाकाठ
१९ जुलै, रात्री १०:४५

रसायन छान समजलं, पण शेतकऱ्याच्या बाजूनं हिशेब कोणीतरी मांडायला हवा. मी कृषी पदवीधर आहे.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं पुसा हायड्रोजेल काढलं, त्याची शिफारस हेक्टरी अडीच ते पाच किलो, म्हणजे एकरी एक ते दोन किलो. दोन किलो गुणिले चारशे, आठशे लिटर. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार हजार लिटर. म्हणजे भरलेलं जेल पाव मिलिमीटर पावसापेक्षा कमी पाणी धरतं. ताईंच्या बोअरच्या पाण्यानं तर ७६ लिटर. अठरा दिवसांचा खंड यावर निघणार नाही. जेल पुन्हा पुन्हा भरतं आणि मुळाशीच असतं, म्हणून उगवणीला, रोपवाटिकेत, कुंडीत त्याचा उपयोग आहे. पण दुष्काळाची ढाल म्हणून ते विकणं मला चुकीचं वाटतं. दोन एकरांना पुडीचे पैसे मोजणाऱ्या माणसाला हा गुणाकार आधी सांगायला हवा.

आणि मातीत राहतं काय? सेल्युलोजचा भाग जिवाणू खातात. त्यावर रुजवलेल्या पॉलिॲक्रिलेटचा कणा कार्बन-कार्बनचा, तो फार सावकाश तुटतो. वर कितीही पाणीप्रिय गट लावले तरी कणा तोच राहतो.

दर्यापूरची मास्तरीण
२२ जुलै, रात्री ९:१५

पूर्णाकाठ, तुमचा गुणाकार मी भावाला फळ्यावर लिहून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे मला जूनमध्ये कोणी सांगितलं असतं तर."

परवा अखेर पाऊस आला. छपराचं पाणी धरलं आणि आणखी एक प्रयोग केला. एक ग्रॅम पावडर पावसाच्या पाण्यात: २९० ग्रॅम. तो फुगलेला गोळा बोअरच्या पाण्यात रात्रभर ठेवला: आकसून ५५. तोच पुन्हा पावसाच्या ताज्या पाण्यात, रात्रभर: १३० वर थांबला. पाणी दोनदा बदललं तरी फारसा पुढे गेला नाही. सोडियम धुऊन निघाला असेल, कॅल्शियमनं बांधलेल्या गाठी राहिल्या, असा मी अर्थ लावला. रसायनवाले भाऊ, बरोबर आहे का?

रसायनवाला यवतमाळ
२२ जुलै, रात्री ११:००

बरोबर आहे, ताई. तपासायचं असेल तर तोच गोळा साध्या मिठाच्या पाण्यात दोन-तीनदा बुडवा, मग पावसाच्या पाण्यात टाका. भरपूर सोडियम मिळाला की तो कॅल्शियमला थोडा तरी हुसकेल आणि वजन १३० च्या वर जाईल. आमच्या राळेची टाकी मिठाच्या पाण्यानं ताजी करतात ती याच तत्त्वावर.

खारपाण
२३ जुलै, सकाळी ६:४०

मंग मले एक समजलं. जिप्सम टाकलं तं मातीत कॅल्शियम येते. मातीले थो पाह्यजे, अन् थेच कॅल्शियम जेलचा गळा धरते. म्हंजे आमच्या पट्ट्यात जिप्सम अन् जेल एका वावरात टाकणं म्हंजे एकाचे पैसे दुसऱ्यानं खाणं. बरोबर हाय का ताई?

दर्यापूरची मास्तरीण
२३ जुलै, सकाळी ७:५५

काका, अगदी बरोबर. मला हे तुमच्यामुळे सुचलं. तुमची माती सोडियमनं बिघडली असेल तर आधी माती तपासून घ्या आणि जिप्समच टाका, जेलचा खर्च करू नका. भावाचंही तेच ठरलंय. तुमच्या बोअरचं एक लिटर पाणी स्वच्छ बाटलीत भरून दर्यापूरला येणाऱ्या कोणाबरोबर पाठवाल का? पुडीत अजून चाळीसेक ग्रॅम पावडर उरली आहे. मिठाच्या पाण्याचा प्रयोग शनिवारी करतोय, त्याच दिवशी तुमचं पाणीही मुलांकडून मोजून घेते.